ताईने निवडलेला पियानो

बाळ्याचा गळा आणि ताईची बोटं, असं समीकरणच होऊन बसलं होतं. तळ्याकाठच्या हॉटेलात दर शनिवारी संध्याकाळी भाऊ गायचा, मोठी बहीण कीबोर्ड वाजवायची. त्याचा घसा बसला की तो काही बोलायच्या आत ती अर्धी पट्टी खाली यायची. ऐकणाऱ्यांना पत्ताही लागायचा नाही.

कीबोर्ड मात्र शेवटच्या घटका मोजत होता. त्याचा एक सूर तर मनात आलं तरच बोलायचा.

"आता नवा पियानो घेऊच," बाळ्या म्हणाला. "तूच निवड. मला त्यातलं काय कळतंय?"

दुकानात ताई तहानभूक विसरली. काळ्या चकचकीत पियानोंकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. कोपऱ्यातल्या एकावर तिची नजर खिळली. लाल अंग, गोलसर कडा, जुन्या रेडिओसारखी मोठाली बटणं. आत सगळं डिजिटल, पण आवाज जुन्या इलेक्ट्रिक पियानोचा. हळू वाजवलं की घंटेसारखा, जोरात वाजवलं की किंचित घोगरा. पट्ट्याही हलक्या होत्या. हल्ली तिचा अंगठा दुखायचा. हे तिने फक्त बाळ्याला सांगितलं होतं.

"हाच!" ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती अशी खुलली होती.

दुकानदार स्टँड घेऊन आला. "बसून वाजवणार की उभ्याने?"

"बसून," ताई म्हणाली.

"उभ्याने," त्याच क्षणी बाळ्याही म्हणाला.

ताई हसली. "अरे, मी कधी उभ्याने वाजवलंय?"

बाळ्या बुटाच्या टोकाकडे बघत राहिला. "तू नाही गं. ती... नवी मुलगी आहे एक. ती उभ्याने वाजवते. हॉटेलवाल्यांना तरुण चेहरा हवाय, मी तरी काय करू?"

दुकानदार उगाचच पट्ट्या पुसायला लागला.

"मग मला कशाला आणलंस?"

"तुझ्यासारखा कान आहे का कुणाला, ताई?"

त्याने ते कौतुकानेच म्हटलं, आणि तेच तिच्या जिव्हारी लागलं. तिने पियानोचं बटण बंद केलं, पर्स उचलली आणि घरी निघून आली. बाळ्याने तोच पियानो घेतला.

पुढे एकदा बाजारात हॉटेलचे मॅनेजर भेटले. "ताई, तुम्ही सोडलंत ते काही बरं नाही झालं हो. लोक अजून विचारतात. पण हात इतके दुखतात म्हटल्यावर आग्रह तरी कसा करणार? तुम्हीच थांबायचं म्हणालात, असं भाऊंनी सांगितलं."

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. म्हणजे तरुण चेहरा कुणी मागितलाच नव्हता! मॅनेजरना खरं सांगावं असं तिच्या ओठांवर आलं. पण सख्ख्या भावाला भर बाजारात खोटं पाडायला तिची जीभ रेटेना. "हो, जरा त्रास होतोच," एवढंच ती म्हणाली.

घरी येऊन तिने बाळ्याला फोन लावला. "मॅनेजर भेटले होते."

तो म्हणाला, "ताई, तुला लागू नये म्हणून मी..."

तिने फोन ठेवून दिला.

आता ती एका नृत्यशाळेत वाजवते. बाळ्या अधूनमधून आईला भेटायला येतो. ताई त्याच्यापुढे चहा ठेवते, साखर विचारते आणि आतल्या खोलीत निघून जाते.