जावयाचा वेग

सदर इसम, वय वर्षे एकसष्ट, उंची मध्यम, व्यवसाय चष्मे करणे, हे एका जगप्रसिद्ध फुटबॉल व्हिडिओ गेमचे मानद निरीक्षक असून, स्थानिक क्लबातील सर्व खेळाडूंचा वेग, ताकद, उडी व केशरचना निश्चित करण्याचे अधिकार गेली चोवीस वर्षे त्यांच्याकडे आहेत. त्यांनी निश्चित केलेला आकडा अंतिम समजण्यात येतो. मानधन: दरवर्षी निघणाऱ्या नव्या आवृत्तीची एक प्रत.

ती प्रत त्यांची बायको खेळते. चष्मेवाल्यांना स्वतःला गेम येत नाही. त्यांचे दोन अंगठे एका वेळी दोन कामं करायला तयार नसतात.

चोवीस वर्षांपूर्वी काम सोपं होतं. पडद्यावरचे खेळाडू खोक्यांना हातपाय फुटल्यासारखे दिसत. तोंडवळा सगळ्यांना मिळून एक, आणि केसांचे प्रकार तीन: आहेत, नाहीत, फार आहेत. फॉर्म एका पानाचा, आकडे सहा. मग दरवर्षी नवी आवृत्ती आणि दरवर्षी कंपनीला नवी उत्सुकता. कमजोर पाय कोणता, दाढी कुठवर, गोंदण कुठल्या दंडावर, मोजे वर ओढतो की खाली सोडतो. खेळाडूंना घाम यायला लागला, गवत मळायला लागलं, प्रेक्षक आपापल्या मनाने उठायला-बसायला लागले. महिलांचे संघ आले. मधे एकदा तर गेमचं नावच बदललं. चष्मेवाल्यांनी फायलीवरचं जुनं नाव खोडलं नाही, खाली नवं लिहिलं. आज फॉर्म चौदा पानांचा आहे.

एवढ्या वर्षांत ओळखीखातर त्यांनी कुणाचा आकडा हलवला नाही अशी त्यांची ख्याती. "डोळ्याचा नंबर ओळखीवर कमी होतो का?" हे ठरलेलं उत्तर. क्लबाच्या कर्णधाराने चिडून चष्मा दुसरीकडून करून घेतला, तरी त्याची उडी चव्वेचाळीसच राहिली.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीने लग्न केलं, ते क्लबाच्या लेफ्ट बॅकशी.

जावई यंदा चौतिसाचे. हा हंगाम शेवटचा, म्हणजे गेममध्येही ते शेवटचेच येणार, आणि आता जो आकडा पडेल तो कायमचा. मागच्या आवृत्तीत त्यांचा वेग अठ्ठावन्न होता. त्यांना साठ हवा होता. एका दुपारी दुकान रिकामं बघून ते आले आणि तपासणीच्या खुर्चीत बसले.

"बाबा, दोनच तर मागतोय. पोरगी सात महिन्यांची आहे. उद्या मोठी होऊन बघेल, तेव्हा बाप जरा बरा दिसू दे."

"शेवटची ओळ वाचा."

जावयांनी समोरच्या तक्त्यावरची बारीक अक्षरं घडाघडा वाचली.

"नजर उत्तम आहे. मग समोरचा खेळाडू तुम्हाला मागे टाकून जातो ते कसं दिसत नाही?"

जावई आतल्या खोलीत सासूबाईंकडे दाद मागायला गेले. सासूबाई रिमोट घेऊन त्यांच्याच क्लबाकडून खेळत होत्या, आणि पडद्यावरचे जावई बाकावर बसले होते.

"आई, मला बसवलंत?"

"पंचावन्न मिनिटं दिली होती की. मला सामना जिंकायचाय, जावईबापू."

"ते वेग कमी दिलाय म्हणून."

"मग पळून दाखवा. मोजू या."

रविवारी सकाळी तिघे क्लबाच्या मैदानावर जमले. कंपनीचा एक तक्ता आहे: तीस मीटरला इतके सेकंद, म्हणजे वेग इतका. स्टॉपवॉच सासूबाईंनी धरलं, कारण त्या कुणाच्याच बाजूच्या नव्हत्या. जावई तीनदा धावले. तिन्ही वेळा तक्त्यावरचं बोट बावन्नावर थांबलं.

"वर्षात सहा गेले?" जावयांनी गुडघ्यांवर हात टेकून विचारलं.

"वर्षात सहा जात नाहीत," सासूबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. "मागच्या वर्षी मोजलं होतंत?"

"होतं."

"किती भरलं?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला आणि स्वच्छ होता तरी पुसला. "त्रेपन्न. पण लग्न नुकतंच झालं होतं."

"तीन वर्षं झाली होती तेव्हा."

जावई ताठ उभे राहिले. मग म्हणाले, "बाबा, बावन्न लिहा."

"राहू दे हो अठ्ठावन्न," चष्मेवाले म्हणाले. "शेवटचंच वर्ष आहे."

"लिहा म्हणतायत तर लिहा," सासूबाई म्हणाल्या. "अठ्ठावन्नावरसुद्धा मी त्यांना बसवतेच आहे."

चष्मेवाल्यांनी बावन्न लिहिलं. सोबत कबुलीपत्र जोडलं: सदर निरीक्षकाने नात्यापोटी आकडा फुगवला असून त्याचे पद काढून घेण्यात यावे. दोन महिने ते पोस्टमनकडे आरोपीसारखे बघत होते.

मग नव्या आवृत्तीचं पाकीट आलं. मुलगी, जावई, नात, सगळे पडद्यासमोर बसले. जावयांचा वेग अठ्ठावन्न होता. मागच्या हंगामात निवृत्त झालेला गोलरक्षकही अजून खेळत होता. पाकिटातल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, की खालच्या विभागातल्या संघांचे आकडे यंदा गेल्या वर्षीचेच ठेवले आहेत.

सासूबाईंनी त्या दिवशी जावयांना नव्वद मिनिटं खेळवलं. क्लब तीन-शून्यने हरला.

चष्मेवाल्यांचा फॉर्म कुणी उघडला नव्हता.