मामांचा कान

डोळे मिटून स्कूटरचं दुखणं सांगणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा सख्खा मामा आहे, हे मला लग्नाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं. रीतीप्रमाणे त्यांनी भाचीला बोहल्यावर आणून उभं केलं. पण तिसऱ्या मंगलाष्टकाला पाहतो तर मामा गायब. कार्यालयाबाहेर आचाऱ्याची जुनी स्कूटर मिसिंग मारत होती आणि सनईच्या गोंगाटातून ती फक्त यांना ऐकू आली होती. शेवटच्या 'सावधान'ला ते परतले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "प्लगमध्ये काजळी होती, जावईबापू. आता सुखात राहा." त्या आशीर्वादाचा काळा पंजा माझ्या शेरवानीवर अजून आहे.

मामा मूळचे विंचूरकडचे. निवृत्त होईपर्यंत नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात, फिटरची. दिवसभर विमानं जुळवायची आणि संध्याकाळी भंगारातून उचललेली, गंजून माती झालेली स्कूटर घरी आणायची. "विमानाला धा इंजिनिअर असतात. हिला कोण हाय?" हा त्यांचा सवाल. पेठ रोडवरच्या त्यांच्या घरात सोफ्याच्या जागी एक हिरवी स्कूटर उभी असते आणि मामींच्या इडलीपात्रात आकाराप्रमाणे निवडलेले स्क्रू. मामा कुठलंही मोजमापाचं यंत्र वापरत नाहीत. किक मारायची, मान कलती करायची, कार्बोरेटरचा स्क्रू केसभर फिरवायचा आणि इंजिन गुणगुणायला लागलं की स्वतःच लाजायचं. मामी सांगतात, "आमचा थोरला जन्मला तेव्हा दवाखान्यात यांनी पहिलं काय विचारलं? म्हणे, एका किकमध्ये रडला का?"

दर हिवाळ्यात शहराबाहेरच्या मैदानावर हौशी मंडळी जुन्या स्कूटरींची शर्यत लावतात. धुळीतल्या दहा फेऱ्या. बाकीचे गडी तिशीतले, मामा सत्तरीला टेकलेले. दोनदा ते दुसरे आले होते. पहिला नंबर मात्र हुलकावणी देत होता.

गेल्या वर्षी शर्यतीला महिना उरला असताना मी त्यांच्याकडे गेलो, तर हिरवी स्कूटर अंगणात अक्षरशः किंचाळत होती. मामा प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, "बघा, कशी गोड बोलते!" मी मामींकडे पाहिलं. त्या मला आत घेऊन गेल्या. "कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही हो त्यांना. मला वाटायचं, मुद्दाम उठत नाहीत." कानाच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं: बारीक, उंच आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. यंत्र लावून माणसांचं बोलणं कळेल. मामांनी यंत्र लावलं, इंजिन ऐकलं आणि काढून ठेवलं. "पत्र्याच्या डब्यात खडे वाजवल्यागत येतंय," म्हणाले. स्कूटरवर चादर टाकली आणि पंधरा दिवस तिच्याकडे पाठ करून जेवले.

सोळाव्या दिवशी मामींनीच चादर ओढून काढली. "चला बाहेर. मारा किक."

"तुला काय समजतंय त्यातलं?"

"चाळीस वर्षं हेच ऐकतेय. दुसरं काय ऐकू दिलंत?"

त्या पदर खोचून डोळे मिटून उभ्या राहिल्या. "खोकतेय. अजून फिरवा. थांबा, जास्त झालं. मागे घ्या. हां, आता तुमची." असं रोज चाललं. शर्यतीसाठी दोघांचं ठरलं, मामींनी उजवा हात वर केला की मामांनी वेगाची मूठ सोडायची. का, ते विचारायचं नाही.

शर्यतीच्या दिवशी मामी वळणावर दोरीला धरून उभ्या होत्या. सातव्या फेरीत मामा सगळ्यांच्या पुढे निघाले. मी बेभान ओरडत होतो. आठव्या फेरीत, त्या एवढ्या गोंगाटात, मामींनी हात वर केला. "मामी, अहो, पहिले आहेत ते!" मी म्हणालो. त्यांनी हात खाली घेतला नाही. आणि मामांनी त्याच क्षणी मूठ सोडली. चार जण धूळ उडवत पुढे गेले. मामा पाचवे आले.

त्यांनी तिथेच प्लग काढला. इंजिन भलतंच तापल्यानं तो खडूसारखा पांढरा पडला होता. "तशीच आणखी एक फेरी मारली असती ना, तर पिस्टन जाम होऊन मी उडालोच होतो," म्हणाले आणि तो गरम प्लग फडक्यात धरून मैदानभर दाखवत फिरले. "आमच्या हिनं ओळखलं! लांबून!" पहिल्या आलेल्या मुलाचा करंडक बघायला त्या दिवशी फारसं कुणी थांबलं नाही.

परवा सकाळी पेठ रोडला गेलो होतो. अंगणात किरमिजी रंगाची एक नवी जुनी स्कूटर सुरू होती. मामी डोळे मिटून ऐकत होत्या आणि मामा, हातात स्क्रूड्रायव्हर तसाच धरून, इंजिनाकडे नाही तर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मी फाटक वाजवलं, हाकही मारली. त्यांना ऐकू आली नाही. मामींच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटली, तसे मामा लाजले. मी पुन्हा हाक मारली नाही. त्यांचं आवरेपर्यंत फाटकाशीच उभा राहिलो.