कुमुदला नणंदच नव्हती

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोरांना नाही, आणि ग्रुपवरच्या बायकांना तर मुळीच नाही — त्यांना मी माझ्या गुडघेदुखीपासून सासूच्या तऱ्हांपर्यंत सगळं सांगते, पण हे नाही. मग तुम्हाला का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा सकाळपासून एका पोरीचा मेसेज माझ्या फोनवर तसाच पडलाय, आणि त्याला उत्तर द्यायच्या आधी मला कुणापुढं तरी तोंड उघडायला पाहिजे, म्हणून.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे नंतर चुळबुळ नको. मी पन्नाशीला टेकलेली बाई आहे. कोल्हापुरात कळंब्याच्या रस्त्याला माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. आणि मी प्रेमाच्या गोष्टी वाचते. मालिकेतल्या माणसांच्या — मालिकावाल्यांनी ज्यांचं जमवलं नाही, त्यांचं आम्ही जमवतो, लिहून. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या. झालं? मला त्याची लाज वाटत नाही. कधीच वाटली नाही. आणि — हे बघा, इथंच खोटं बोलले. एकदा वाटली. भर दुपारी, चार माणसांत. तेच सांगायचंय.

मालिकेचं नाव सांगत नाही, संपून वर्षं झाली. त्यात कुमुद होती, घरातली थोरली सून, नवरा गेलेला. तिला काम काय, तर चहाचा ट्रे आणायचा आणि हिरॉईन रडायला लागली की तिच्या पाठीवरनं हात फिरवायचा. आणि शिरीष म्हणून गुरांचा डॉक्टर होता. एका भागात त्यांची गाय अडली, शिरीषनं तिला सोडवली, आणि हात धुवायला कुमुदनं त्याच्या हातावर गरम पाणी घातलं. तांब्या रिकामा झाला तरी ती धरूनच उभी. बास. एवढंच दाखवलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टर गायब आणि कुमुद परत ट्रेमागं.

अहो, पण आम्ही बघितलं होतं ना!

त्या एका तांब्यावर आमच्या बायकांनी ढीगभर गोष्टी लिहिल्या. पुण्याची एक, नाशिकच्या दोघी बहिणी, लातूरची मास्तरीण, एक तर दुबईत बसून लिहिते. कुणी दोघांना गोठ्यात अडकवलं, कुणी बारशाला भेटवलं, कुणी थेट त्यांचं म्हातारपणच लिहिलं. मी लिहीत नाही, मला येत नाही. काय वाचायचं ते मी सांगते. ‘मिरचीताई, आज काय वाचू?’ — ग्रुपवर हे माझं नाव, जीभ तिखट म्हणून. ‘रडायची नको हं, आज आधीच रडून झालंय.’ ‘हळूहळू जमणारी द्या, लगेच मिठीत नको.’ ‘शेवट गोड आहे का ते आधी सांगा.’ मशीनला फोन टेकवायचा, एका हातानं हुक लावायचे आणि दुसऱ्या हातानं जिला जी पाहिजे ती गोष्ट काढून द्यायची. आजवर माझी एक शिफारस वाया गेलेली नाही. हा माझा तोरा आहे, आणि तो मी सोडणार नाही.

आणि शिफारशीसोबत मी चार ओळी खरडायचे. ‘नवरा गेला म्हणजे तीही गेली का? कुमुदनं का म्हणून झुरायचं? त्या घरातल्या एकानं तरी उठून तिची बाजू घ्यायला पाहिजे होती.’ हे मीच लिहिलंय. टाळ्या काय, बदाम काय, विचारू नका. मला वाटायचं, असं बोलायला छाती लागते.

आता माहेरचं सांगते.

माझं माहेर पेठ वडगावचं. दादा मोटरसायकलवरनं गेला तेव्हा वहिनी तिशीत होती. पोरबाळ नव्हतं. नंतर आई पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेलाच खिळली. वहिनीनं तिचं सगळं केलं — सगळं म्हणजे सगळं, मला सांगायला लावू नका. मी अधूनमधून एसटीनं जायचे, आईला केळी आणि वहिनीला गोष्टी घेऊन. ती शेंगा फोडत बसायची, मी मोठ्यानं वाचायचे. कुमुद आणि शिरीष तिला पाठ होते. ‘वन्सं,’ ती म्हणायची — नणंदेला वन्सं म्हणणारी या पिढीत तीच एक उरली असेल — ‘वन्सं, ह्यो डॉक्टर लईच लाजतोय की. ढकला की त्याला जरा!’ आणि पदर तोंडाला लावून हसायची. मग मी तिच्याच फोनवर गोष्टी पाठवायला लागले. वाचायची सवय मी लावली, हे ध्यानात ठेवा.

आमच्या विहिरीवरची मोटर सारखी जळायची. ती दुरुस्त करायला जयसिंगपूरचे सदाभाऊ यायचे. बायको वारलेली, बोलणं कमी. काम झालं की पुढच्या सोप्यात चहाला बसायचे. वहिनीनंच मला एकदा खूण करून दाखवलं, ‘चपला बघा वन्सं, कशा काढल्यात. तोंडं रस्त्याकडं. बसायच्या आधीच निघायची तयारी.’ आणि हसली. तेच ते, पदरातलं हसू. मी काय ओळखणार नाही? जन्म गेला माझा असलं हसू वाचण्यात. आणि खरं सांगू, मला आनंद झाला. माझ्या माहेरच्या सोप्यात, माझ्या डोळ्यांदेखत जोडी!

पुढं एका शुक्रवारी तिचा फोन आला. आवाज बारीक. ‘सदाभाऊ रविवारी त्यांच्या अक्कांना घेऊन येणार हायत, मागणी घालायला. काका तुम्हालाच इचारतील. तुम्ही फकस्त एवढं म्हणा — मला ठाऊक हाय, आणि मी वहिनीच्या बाजूनं हाय. फुडचं माझं मी बघते.’

मी म्हटलं, ‘एवढंच? अगं, ढोल वाजवत येते की!’

रविवारी गेले. दारात चपला होत्या. तोंडं घराकडं. मी बघितलं, आणि त्या ओलांडून आत गेले. आत काका खुर्चीवर — वडील गेल्यापासून आमच्या घरात शब्द चालायचा तो काकांचा. आई खाटेवर. सदाभाऊ चटईच्या टोकाला, आणि त्यांच्या अक्का, धीट बाई, सरळ बोलल्या की दोघांचं ठरलंय, तुमचा होकार पाहिजे. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराआड. तिच्या हातातल्या कपबश्या वाजत होत्या.

आई रडायला लागली. ‘मग माझं कोण बघायचं गं?’ म्हणाली.  काका माझ्याकडं वळले. ‘तुला ठाऊक हुतं का हे?’

तुम्ही आता म्हणाल, चार माणसांना घाबरली असेल बिचारी. लोक काय म्हणतील, माहेर काय म्हणेल. नाही हो. माझ्यासाठी असली सबब शोधू नका. मी गिऱ्हाइकाला घाबरत नाही, सासूला घाबरत नाही, काकांना तर लहानपणापासून उलट बोलत आले. मग काय झालं? — झालं असं, की मी आईच्या खाटेकडं बघितलं. आणि ती खाट माझ्या कोल्हापूरच्या दोन खोल्यांत कुठं बसेल, ते मनात लावून बघितलं. टीव्हीच्या जागी बसत होती. बरोब्बर बसत होती.

आणि मी म्हटलं, ‘मला कुठलं ठाऊक? दिवसभर मोबाईलवर त्या घाणेरड्या गोष्टी वाचत असती, त्यातनं काय तरी शिरलंय डोक्यात.’

हेच ते. हेच मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

घाणेरड्या म्हणाले. ज्या मी निवडून दिल्या, ज्या मी वाचून दाखवल्या, ज्यांच्यावर मी माझे कंटाळ्याचे दिवस काढले, त्यांना. वहिनीलाही विकलं आणि त्यांनाही, एका वाक्यात. काका म्हणाले, ‘आण बघू तो फोन.’ वहिनी बाहेर आली. फोन काकांपुढं ठेवला. एक शब्द बोलली असती — ‘ह्या गोष्टी वन्संनीच पाठवल्यात’ — तर माझं तोंड तिथंच काळं झालं असतं. नाही बोलली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. काका सदाभाऊंना म्हणाले, ‘पावणं, च्या झालाय न्हवं? निघा मग.’ इतकी वर्षं नावानं हाक मारलेल्या माणसाला पावणं! सदाभाऊ उठले. दारात वाकून त्यांनी चपला हातानं फिरवल्या, मग पायात घातल्या. त्यानंतर आमची मोटर दुसराच कुणी दुरुस्त करतो.

आणि अजून ऐका, संपलं नाही. संध्याकाळी परत येताना एसटीत होते. फोन वाजला. दुबईची. ‘मिरचीताई, आज काहीतरी जोरदार द्या ना.’ आणि मी दिली. कुमुद अख्ख्या गावासमोर लग्न करते ती. खाली चार ओळीही लिहिल्या, नेहमीच्या झोकात.   खोटं कशाला सांगू?

वहिनीनं पुढं आईचं केलं, शेवटपर्यंत. मी जायचे, केळी घेऊन. ती चहा द्यायची, बोलायची, साडीला फॉल लावून द्या म्हणायची. भांडली असती तर बरं झालं असतं, पण ती भांडलीच नाही. फक्त ‘वन्सं, वाचा की’ असं परत कधी म्हणाली नाही, आणि मीही वाचलं नाही. मागच्या वर्षी आई गेली. तेराव्यानंतर वहिनीनं काकांना न विचारता नवा फोन घेतला, तेवढं मला कळलं.

आणि या उन्हाळ्यात ग्रुपवर एक गोष्ट आली. लिहिणारी नवी, टोपणनाव ‘तांब्या’. भाषा साधी, आमच्याकडची. त्यात शिरीष कुमुदच्या घरी येतो आणि चपला काढतो — तोंडं रस्त्याकडं. एवढं वाचलं आणि मी मशीन थांबवली. पुढं तो मागणी घालायला येतो. घरातली माणसं कुमुदच्या नणंदेला विचारतात, तुला ठाऊक हुतं का? आणि ती नणंद उठते. म्हणते, ‘मला ठाऊक हाय, आणि मी वहिनीच्या बाजूनं हाय.’ मग दाराशी जाते, वाकते, आणि शिरीषच्या चपला घराकडं तोंड करून ठेवते. गोष्ट संपली.

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

ग्रुपवर नुसती धमाल. सगळ्या रडल्या, सगळ्यांना आवडली. फक्त मास्तरणीनं विचारलं, ही नणंद कुठून आणली? मालिकेत कुठं आहे? झालं, लागल्या सगळ्या. ‘मिरचीताई, तुम्ही सांगा.’ ‘मिरचीताईंचा शब्द शेवटचा.’ मला गप्प बसता आलं असतं. वाहवा करता आली असती. काहीही करता आलं असतं. मी लिहिलं — ‘गोष्ट एक नंबर. नणंद मात्र पटत नाही. कुमुदला नणंदच नव्हती.’

परत तेच. परत कातडी वाचवली. आता तर खाटही नव्हती कुठली.

लिहिणारीचं उत्तर लगेच आलं. ‘व्हय वन्सं. तेवढी एकच मी मनानं घातली.’

बायकांना वाटलं, लाडानं म्हणाली. ‘अय्या, वन्सं! किती गोड!’ बदामांचा पाऊस. मला ग्रुपवर सगळ्या ताई म्हणतात. वन्सं म्हणणारी जगात एकच आहे.

मी काही लिहिलं नाही. वडगावला गेले नाही, फोन केला नाही. जाऊन काय म्हणणार होते? ती माफ करील, चहा टाकील, आणि मी हलकी होऊन परत येईन — नको. ते मला नको. पण एक करते. तेव्हापासून जी कुणी विचारते, सगळ्यात भारी गोष्ट कुठली, तिला हीच देते. कारण ही सगळ्यात भारी आहे. आमच्या ग्रुपवर इतकी चांगली गोष्ट कुणी लिहिलेली नाही, आणि असल्या गोष्टींना घाणेरडं म्हणणाऱ्याची मी आता गय करत नाही. स्वतःचीसुद्धा नाही.

सोलापूरची एक पोर नवीन आलीय. काल तिला दिली. सकाळी तिनं सगळ्यांसमोर लिहिलं, ‘ताई, भन्नाट! पण नणंद काही खरी वाटली नाही. अशी असते का कुठं?’

दुपार झाली. दुकानात कुणी नाही. वहिनी ग्रुपवर आहे, हिरवा ठिपका दिसतोय. ती वाचेल, पार दुबईपर्यंत सगळ्याजणी वाचतील, आणि मग मला कुणी विचारणार नाही की आज काय वाचू. नाही विचारलं तर नाही.

लिहून झालंय. ‘बरोबर आहे पोरी. ती खोटीच आहे. खरी नणंद मी आहे.’

पाठवते.