बिहारला गेलेलं दुपटं

आमच्या नंदुरबारात मिरचीला कुणी शिंकत नाही. शिंकला तो परगावचा, हे न विचारता कळतं. हिवाळ्यात गावाबाहेर मोकळ्या जागांवर लाल मिरची वाळत पडते, त्या जागांना आम्ही पथारी म्हणतो. वारा सुटला की ती मिरची घरात शिरते, माठावर बसते, पिठात मिसळते आणि आम्ही खुशाल श्वास घेतो. माझ्या सासऱ्यांची अशी एक पथारी होती. माझं माहेर धानोऱ्याचं, म्हणजे हाकेच्या अंतरावरचं. त्यामुळे सासरी आल्यावर मला डोळे पुसावे लागले ते मिरचीने नव्हे, सासूच्या जिभेने.

घरात मी धाकटी. माझी मोठी जाऊ फार गुणी बाई, कामाला वाघ आणि बोलायला गरीब. माझ्या अगदी उलट. तिचं पहिलं मूल, मुलगा, श्रावणातल्या तापात गेला. नुकता बसायला लागला होता. त्याचं सगळं सासूने नदीला दिलं, फक्त दुपटं राहिलं. जाऊबाईच्या आईच्या जुन्या लुगड्याचं, सात पदरी, इतकं मऊ की हातात घेतलं की लोण्यासारखं लागायचं. ते ती उशाखाली घेऊन झोपायची. सासूला हे पसंत नव्हतं, पण त्या बाबतीत तिनेही तोंड आवरलं होतं. तेवढी माया तिच्यात होती, खोटं कशाला बोलू.

संक्रांत होऊन घरातला तीळगूळ संपला नव्हता, तोच बिहारात भूकंप झाल्याची बातमी आली. गावंच्या गावं बसली, जमीन फाटून आतून वाळू अन् पाणी वर आलं, माणसं ऐन थंडीत उघड्यावर पडली. चौकात एकाने वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आमचं हे भांडखोर गाव एकदम गप्प झालं. दुसऱ्या दिवशी चार जणांनी धोतराची झोळी धरून फेरी काढली. लोकांनी काय काय दिलं! कोरीटहून ज्वारीची गाडी आली. आमच्या गल्लीतल्या पिंजारीचाचांनी, घरात सहा तोंडं खाणारी असताना, हातातलं काम बाजूला सारलं आणि गोधड्यांसाठी कापूस फुकट पिंजून दिला. पथारीवर देठ खुडणाऱ्या बाया दिवसभराच्या कामानंतर आमच्या अंगणात येऊन टाके घालायच्या. त्या दिवसांत मला माझ्या गावाचा अभिमान वाटला. पुढे काय झालं ते माहीत असूनही लिहिते, वाटला.

माझे जेठ, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, मालाबरोबर बिहारला जाणार असं ठरलं. एका संध्याकाळी ते बायकोला म्हणाले की ते दुपटं तिकडच्या एखाद्या बाळाला देऊ या. आपल्या उशाखाली ते कुणाला ऊब देतं? मी चुलीपाशी होते. जेठांपुढे पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत, म्हणून मी भाकरी थापत राहिले. पण सासू कडाडली, "मरेल लेकरूनं पांघरुन जित्ताले देतस नही! अपशकुन शे तो."

जाऊबाई उठून आत गेली. मग दुपटं घेऊन आली.

"देस मी," ती म्हणाली. "पन तुम्ही सोता लेकरूवाळीना हातमा द्या. आनि ईसन माले सांगा, कोनतं लेकरू त्यामा निजनं."

सासू म्हणाली, काही वाईट झालं तर माझ्याकडे रडत येऊ नका. त्या दिवसापासून जाऊबाईची झोप उडाली. "अपशकुन खरा ऱ्हायना तं?" खरा ठरला तर काय, असं मला विहिरीवर विचारायची. मी म्हणायची, बाई, कापडाला काय कळतं कोण मेलं अन् कोण जगलं! सासूबाईंचं काय ऐकता, त्यांना मांजर आडवं गेलं तरी मांजरालाच अपशकुन होतो. ती हसायची, पण डोळे हसायचे नाहीत.

तिने दुपटं रिठ्याने धुतलं, कडक उन्हात वाळवलं. गोधड्या भरायला पोती पाहिजे होती, आणि नंदुरबारात पोती म्हणजे मिरचीची पोती. दुसरी आणायची कुठून आणि कशाला? आम्ही ती उलटी केली, काठीने बडवली, दोन दिवस उन्हात टाकली. जाऊबाईने तर शेवटच्या पोत्यात तोंड घालून वास घेतला. "काही नही," म्हणाली. मीही घेतला. खरंच काही नव्हतं. मग तिने दुपटं त्या पोत्याच्या तोंडाशी ठेवलं आणि खुणेला पिवळी चिंधी बांधली. हातात नेलं असतं तर गाडीच्या धुराने काळं झालं असतं, म्हणून पोत्यात.

माल चढवायला निम्मं गाव स्टेशनात लोटलं. स्टेशनावर एक नवा पार्सलबाबू आला होता, कोकणातला, गोरा, चष्मेवाला. पोती त्याच्या जवळून जायला लागली तसा तो शिंकायला लागला. एक, दोन, थांबेचना. चष्मा काढून डोळे पुसतोय, पुन्हा शिंकतोय. सगळा फलाट हसला. हमाल म्हणाला, "नवा शे बिचारा! चार दिनमा नाक पिकी जाई, मंग शिंकाव नही." जाऊबाईसुद्धा पदराआड हसली. श्रावणानंतर पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं आणि मला इतकं बरं वाटलं की त्या बाबूला जाऊन गूळ द्यावा.

तो माणूस का शिंकतोय, हा विचार एवढ्या गर्दीत एकाच्याही डोक्यात आला नाही.

जेठ परतले तेव्हा होळी होऊन गेली होती. निम्मे झाले होते. पाय धुतले, पाणी प्यायले आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले. जाऊबाई दाराशी उभी. मी आतल्या बाजूला, पदर ओढून.

"कोनाले दिन्हं?" तिने विचारलं.

"मी सोता दिन्हं," ते म्हणाले. मग हळूहळू सांगितलं. एक ओली बाळंतीण होती. घर पडलं तेव्हा पोटुशी होती, झाडाखाली बाळंत झाली, मुलगी. जेठांनी पिवळी चिंधी सोडली आणि दुपटं तिच्या हातात दिलं. तिने लेकीला गुंडाळलं आणि जेठांच्या पायाला हात लावला. जेठांना रडू आलं. रात्रीपासून ती पोर जी रडायला लागली ती थांबेना. आधी वाटलं, भूक. मग आजूबाजूच्या झोपड्यांतही खोकले, शिंका, म्हातारे डोळे चोळतायत, पोरांची अंगं लाल. चार दिवसांच्या गाडीच्या हादऱ्यांनी पोत्याच्या विणीतली बारीक पूड प्रत्येक गोधडीत मुरली होती. सकाळी तिथला डॉक्टर आला, एक गोधडी उचलली आणि शिंकला. मग सगळ्या गोधड्या काढून जाळायला मैदानात ढीग केला. लोक पुन्हा उघडे. घर गेलेल्या माणसांना आम्ही आगीतून काढून फुफाट्यात टाकलं होतं. हात जोडून, जयजयकार करून टाकलं होतं.

"आनि पोर?" जाऊबाईने विचारलं.

"गयी," जेठ म्हणाले. "दुसरं पांघरुन मियाले दोन दिन लागनात. थंडीमा गयी."

माजघरातून सासूचा आवाज आला, "मी सांगेल व्हतं."

मला वाटलं उठावं आणि त्या बाईच्या तोंडावर हात दाबावा. जेठ ओरडले, अगं मिरची होती, मिरचीने झालं, अपशकुन कसला! आणि पिशवीतून त्यांनी दुपटं काढलं. त्या ढिगात जाळायला सोडवलं नाही, तसंच, न धुता परत आणलं होतं. जाऊबाईने ते घेतलं, नाकाशी धरलं.

"मिरची कोठे शे?" ती म्हणाली. "माले तं मन्हा बाळनाच वास येस. मन्ही समजूत काढू नका."

मी धावत गेले, तिच्या हातून दुपटं ओढून घेतलं, तोंड खुपसलं. मला काही लागलं नाही. मी अंगाला घासलं, डोळ्याला लावलं. काही नाही! कापूस आणि घामट, गोडसर असा काही वास, बस. मी खोटंच म्हणाले, येतोय बाई, येतोय मिरचीचा. तिने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलायला मला कधीच जमलं नाही.

मग मला एकदम तो पार्सलबाबू आठवला. अख्ख्या नंदुरबारात एकच माणूस होता की ज्याच्या नाकावर विश्वास ठेवावा. दुसऱ्या दिवशी बाजाराचं निमित्त काढून मी जाऊबाईला ओढत स्टेशनात नेलं. वाटेत मी अखंड बडबडत होते. आता बघा, तो कसा शिंकतो ते बघा, त्याच्या शिंकेने तरी खात्री पटेल. ती दुपटं पोटाशी धरून मुकाट चालत होती. पण चालत होती. तिलाही ती शिंक हवी होती.

बाबू मालाच्या खोलीत होता. भोवती मिरचीची पोती छतापर्यंत रचलेली आणि हा मधोमध बसून डबा खात होता. मी त्याला म्हटलं, दादा, ह्याचा जरा वास घ्या, मिरची लागते का सांगा. भला माणूस, दोन बायका असं काय विचारतात म्हणून हसला नाही. हात धुतले, दुपटं घेतलं, चष्मा वर करून चांगला खोल श्वास ओढला. मी त्याच्या नाकाकडे बघत होते. मनात म्हणत होते, शिंक रे बाबा, शिंक.

"छे हो वहिनी," तो म्हणाला, "मिरचीबिरची काही नाही. लहान मुलाच्या कपड्यांना येतो तसा वास आहे."

जाऊबाईने त्याच्या हातून दुपटं घेतलं आणि नीट घडी घातली. "चाल घर," मला म्हणाली.

पुढच्या वर्षी माझी थोरली जन्मली. बाराव्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायांनी तिला आळीपाळीने मांडीवर घेतलं. जाऊबाईने सगळ्यांना जेवू घातलं, मला डिंकाचे लाडू केले, पाळणा स्वतः सारवलेल्या जागेवर मांडला. मग हात पाठीमागे धरून दाराबाहेर उभी राहिली. मी हाक मारली तरी आत आली नाही.