जिन्यातला दिवा कुणाच्या मीटरवर

बाहेर पडताना मेन स्विच खाली ओढायचा, मगच कुलूप लावायचं, ही शिलाई मशीनवालीची जुन्या घरची सवय. ते घर एकाच मालकाच्या इमारतीत होतं. वरपासून खालपर्यंत सगळे भाडेकरू, मीटर मालकाच्या कुलपात आणि युनिटचा भाव मालकाच्या तोंडात. दिवा चुकून जळत राहिला तरी महिनाअखेरीला तो दारात हजर. त्या जाचाला कंटाळूनच तिने घर बदललं.

नवी इमारत फ्लॅटमालकांची. ज्याचा फ्लॅट त्याचं मीटर, बिल थेट कंपनीचं. भाडं जड होतं, पण शिवणाची मोटर आणि वाफेची इस्त्री आता कुणाच्या डोळ्यावर येणार नव्हती. नवरा गेल्यापासून घर तिच्या मशीनवरच चालायचं. गुडघे धरलेल्या सासूला एकटं टाकून दुकानात कामाला जाणं जमण्यासारखं नव्हतं.

पहिलं बिल आलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. जुन्या लुटारूनेही कधी एवढं मागितलं नव्हतं.

तिने फ्लॅटमालकाला फोन लावला. तो पूर्वी इथेच राहायचा, इमारतीचा पहिला सेक्रेटरी. "तुमचं मशीनच वीज खातंय, बाई," तो गोड आवाजात म्हणाला. "राहत्या घरात कारखाना काढलात तर असंच होणार. मशीन बंद करा, नाहीतर दुसरी जागा बघा."

तिने हात आखडला. इस्त्री दिवसाआड, पंखा फक्त सासूच्या खोलीत, आणि बाहेर पडताना मेन खाली तो खालीच, सासू घरात असली तरी.

"मला भाजून काढायचा बेत आहे का गं?" सासू म्हणाली.

"तुमच्याच पंख्यापायी मी घामाने निथळतेय, आई."

"मग ये की इथे. पंखा काय माझ्या माहेरचा आहे?"

पुढचं बिल आलं, तेही जवळपास तेवढंच. आता मात्र तिला स्वतःचीच शंका यायला लागली. टीप घालताना मोटरचा आवाज झाला की वाटायचं, खरंच हीच खातेय. जुन्या घरी लुटणारा समोर दिसायचा, त्याच्या नावाने बोटं मोडायला सगळा मजला जमायचा. इथे सगळे हसून बोलत, दार लावून घेत, आणि चूक आपलीच असेल असं वाटायला लावत.

एकदा भर दुपारी मेन ओढून, कुलूप लावून ती गिऱ्हाइकाचे पडदे घेऊन निघाली, तर वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर कठडा चाचपत जिना उतरत होते. त्या जिन्याला खिडकी नाही, दिवसाही दिवा लागतो.

"तुमचा पायगुण म्हणायचा का हो?" मास्तर म्हणाले. "तुम्ही बाहेर पडलात की जिन्यात अंधार. काल तर पाण्याचा पंपही बंद पडला."

फाडकन उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ती परत वर गेली, कुलूप काढून मेन वर केला. जिना उजळला. खाली ओढला, अंधार.

"मास्तर, हलू नका!" ती ओरडली आणि पुन्हा वर केला.

मास्तरांना सगळं आठवलं. इमारत नवी असताना सोसायटीचं मीटर आलं नव्हतं. जिना आणि पंप सेक्रेटरीच्या घरातल्या मेनला, म्हणजे त्याच्याच मीटरवर जोडले, त्याबद्दल त्याला देखभालीचा खर्च माफ केला. ती माफी तो आजही घेत होता.

"म्हणजे माफी त्याला आणि बिल मला!" ती भिंतीवर हात आपटून म्हणाली.

ती तशीच नव्या सेक्रेटरीकडे गेली. त्याने मान हलवली. "मीटिंगमध्ये घेऊ. पण मीटिंग फक्त मालकांची असते हं."

"ठीक आहे," ती म्हणाली. त्या 'ठीक आहे'चा अर्थ सासूला विचारला असता तर तिने सांगितला असता.

मीटिंग संध्याकाळी तळमजल्याच्या जिन्यापाशी भरली. फ्लॅटमालकही आला होता. खुर्च्या मांडल्या, चहा फिरला, आणि दिवे गेले. मशीनवाली टॉर्च घेऊन उतरली.

"भाडेकरूंना इथे बोलता येत नाही," फ्लॅटमालक म्हणाला.

"मी कुठे बोलतेय? माझ्या घरचे दिवे मालवलेत. तुमचे असतील ते लावा ना."

अंधारात फक्त मास्तर हसले. वरून सासूचा आवाज आला, "अगं, पंखा कधी लावतेस?"

"थोडं सोसा, आई! इथल्यांना घाम फुटू दे."

जोडणी वेगळी करायचं अंधारातच ठरलं. भरलेल्या जादा बिलांचे पैसे भाड्यातून वळते करायचे, हे फ्लॅटमालकाने पुटपुटत मान्य केलं. मशीनबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही.

जोडणी वेगळी झाल्यावर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाचे पडदे घेऊन निघाली. सासूला विचारून मेन खाली ओढला, कुलूप लावलं, आणि उगाचच क्षणभर जिन्यात थांबली. दिवा जळत होता. भाडेकरूच्या बिलात दुसऱ्या कुणाचा उजेड आहे, हे किती घरांना कधी कळतच नसेल, असं तिच्या मनात आलं. मग ती परत फिरली, दार उघडून मेन वर केला.

"काय विसरलीस?" सासूने विचारलं.

"तुमचा पंखा," ती म्हणाली.