सुईचा कौल

आमची घरकारीण, म्हणजे माझी बायको, देवाला विचारल्याशिवाय वांग्याचं रोपसुद्धा लावीत नसे. गावच्या देवळात कौल लावायचा. देवाच्या अंगाला ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. पण डावी पडली म्हणून ती गप्प बसली, असं होत नसे.

"वायच नीट ऐक की रे! गुरवा, परत विचार."

"वहिनी, देव काय तुमचा नोकर आहे?"

"मग मी त्याची आहे काय?"

उजवी पडेस्तोवर हलायची नाही. आमची म्हैस, विहीर, लेकीचं लग्न, सगळं असं भांडून आणलेलं.

लघवी लाल व्हायला लागली तेव्हा म्हणाली, "उन्हाळाभर कोकमाचं आगळ प्यालेय, त्याचा रंग." त्यात महिने गेले. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, किडनीत कॅन्सरची गाठ आहे, नारळाएवढी. गावी येऊन लावलेला ऑपरेशनचा कौल उजवा आला, तेव्हाच ती परत एसटीत बसली. किडनी काढली. मग डॉक्टर म्हणाले, रोग छातीतही पसरलाय, त्याला नव्या सुया द्यायच्या. अंगातलीच ताकद उठवून त्या रोगावर घालतात. गुण येईलच का, मी विचारलं. "काहींना येतो," म्हणाले. माणूस खरं बोलला.

ही अडून बसली. "देवाला कापायचं विचारलंय, टोचायचं नाही." मी ओरडलो तेव्हा घेतल्या. ताप असा चढायचा, की अख्खी खाट हलायची.

पुढच्या सुयांआधी घरी आलो. ती देवळात गेली. पहिलीच कळी डावी पडली.

गुरव आपणहून म्हणाला, "वहिनी, परत विचारू?"

"नको. बरोबर सांगतोय तो."

पदर सावरून उठली. मी हात जोडले, शिव्याही दिल्या. "तो ताप तुम्हाला नाही आलेला," एवढंच बोलली. मुंबईला आम्ही परत गेलो नाही. सुयांनी ती वाचली असती का, ते डॉक्टरला ठाऊक नव्हतं, मला कुठून असणार? पण अजून मन खातं.

भात पोटरीला आलं तेव्हा तिनं अंथरूण धरलं. एका दुपारी म्हणाली, "सुया घेऊन आणखी वर्ष निघालं असतं, तर काय केलं असतंत ओ?"

"काय करणार गो? तुझ्याशी भांडलो असतो."

"मग भांडा की. आहे मी अजून."

मी तिच्या अंगावरची गोधडी सारखी केली. तिनं थोडी वाट बघितली, मग भिंतीकडे कूस वळवली.