दोघांच्या मधला टेका

आमचे हे घरात बोलत नाहीत. भांडण नाही, राग नाही, नुसतेच बोलत नाहीत. पेपर, टीव्ही, जेवण, "मीठ दे", एवढ्यावर दिवस निघतो. मुलगी सासरी गेल्यापासून घरात माझा एकटीचाच आवाज असतो, आणि तोही बहुतेक कुकरवर चिडलेला.

गाडीवर बसले की मात्र हा माणूस बदलायचा. तीस वर्षं मी त्यांच्या मागं साडीत, एका बाजूला पाय सोडून बसत आले. उजवा खांदा त्यांच्या पाठीला, उजवा हात त्यांच्या खांद्यावर, तोंड कानाशी. माझ्या तोंडाकडं बघावं लागत नसलं की यांना बोलता येतं. साहेबानं चारचौघांत पाणउतारा केला ते मला पेठ वडगावच्या रस्त्यावर कळलं. सासरे गेले तेव्हा हे घरात रडले नाहीत. महिन्याभरानं गाडीवर रडले, आणि ते मला पाठीतून कळलं. आमचा निम्मा संसार गाडीवर बोलून झालाय.

रिटायर झाल्यावर यांनी लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल घेतली. सामानाच्या पेट्या काय, पुढची काच काय! मी म्हटलं, "अवो, वय काय, गाडी काय!" पण मनातून खूश होते, खोटं कशाला सांगू. आता कोकण, गोवा, आणि वाटेत ऐकायला मिळणार. सहा महिन्यांत यांचा मणका बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, गाडी सोडा, नाहीतर कमरेला आधार लावून घ्या. गाडी सोडतील तर हे कसले.

लक्ष्मीपुरीत आमच्या ओळखीचे एक सीटवाले चाचा आहेत. हात सोन्याचा. हे त्यांच्याकडं गेले आणि दोन टेके करून आणले. एक स्वतःच्या कमरेला, म्हणजे आम्हा दोघांच्या मधे. दुसरा माझ्या मागं. माप कसं घेतलं म्हणाल तर पुढं हे बसले आणि मागं चाचा बसले, दोन्हीकडं पाय टाकून. दोन बाप्यांनी बसून बाईच्या जागेचं माप घेतलं! ती बाई साडीत बसते, आडवी बसते, हे तीस वर्षं मागं घेऊन फिरणाऱ्याच्याही ध्यानात आलं नाही.

त्यामुळं झालं असं, की पुढच्या टेक्याची कड माझ्या उजव्या बरगडीत, मागच्या टेक्याची डाव्या दंडात. पोतं कोंबावं तशी मी मधे. हात खांद्यापर्यंत पोचेना, तोंड कानापर्यंत तर नाहीच. आणि मी काय केलं? पहिल्या दिवशी हे लहान पोरासारखे हसत "कसा झालाय?" म्हणाले, आणि मी म्हणाले, "लई झ्याक." कितीतरी दिवसांनी यांची पाठ दुखायची राहिली होती. कुठल्या तोंडानं सांगणार?

सांगितलं नाही, पण राग तर आला होता. माझा राग म्हणजे मी गप्प बसते. मग गाडीवरही घरासारखंच सुरू झालं. हे कधी हेल्मेटची काच वर करून काहीतरी बोलायचे, वाऱ्यात अर्धं ऐकू यायचं. जे ऐकू यायचं त्यालाही मी उत्तर द्यायची नाही. म्हटलं, कळू दे जरा. माझा आवाज निघायचा तो फक्त स्पीडब्रेकरला, "हळू की!" एवढाच. पूर्वी बसले की मी खांद्यावर थाप मारायची, मग हे गाडी हलवायचे. आता हात पोचत नव्हता, म्हणून बाजूच्या पेटीवर एक धाडकन मारायची.

त्या दिवशी कुरुंदवाडला निघालो होतो, माझ्या माहेरी. हातकणंगल्याच्या पुढं रसवंतीवर थांबलो. रस पिऊन झाल्यावर हे हेल्मेट घालून बसले. मी पिशवी पेटीत टाकली, झाकण धाडकन लावलं आणि ध्यानात आलं, चष्मा बाकड्यावरच राहिलाय. मी वळले. हे निघाले.

मी "अवो! अवो!" करत रस्त्यापर्यंत पळाले. मोठी गाडी, केव्हाच लांब गेली. फोन पिशवीत, पिशवी पेटीत. रसवाला म्हणाला, "मावशी, माझ्या फोनवरनं लावा की." नंबर कुठं पाठ आहे? नवऱ्याचा नंबर पाठ नाही म्हणताना एवढी लाज वाटली. त्यानं बाकडं पुसून दिलं. मी बसले. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, जयसिंगपूरची एसटी गेली. पहिल्यांदा हसू आलं, मग संताप, आणि मग नुसतंच भरून आलं. आपण मागं नाही हे या माणसाला कळत कसं नाही, हा एकच विचार.

बऱ्याच वेळानं हे आले. हेल्मेट काढलं तर तोंड पांढरंफटक. "जयसिंगपूरच्या अलीकडं गाडी आदळली. तू वरडली न्हाईस. मग वळून बघितलं."

"एवढा वेळ काय केलंत मग?" मी ओरडलेच. रसवाला बघत होता, बघू दे.

"बोलत होतो की तुझ्याशी."

"काय बोलत होतात?"

ते हातातल्या हेल्मेटकडं बघत राहिले. "तू उत्तर दिलं न्हाईस. पर तू देतच न्हाईस हल्ली. म्हटलं, ऐकत तरी असशील."



दुसऱ्या दिवशी मीच त्यांना चाचांकडं घेऊन गेले. साडीत, आडवी बसून दाखवलं. चाचांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, हे आधी सांगायचं न्हाय व्हय? मी सायबांस्नी इचारलेलं, त्या कशा बसत्यात म्हणून. हे म्हणले, बसते मागं." चाचांनी पुढचा टेका उंचीला कमी केला, दोन बोटं पुढं घेतला, कडा गोल केल्या. मागचा डावीकडं वळवून दिला. आता यांच्या कमरेला आधार आहे, माझी बरगडी मोकळी आहे, आणि खांदा परत पाठीला टेकतो. एवढं सोपं होतं ते.

येताना मी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "काल मी मागं नव्हते, तेव्हा काय सांगत होतात?"

"सांगितलं की. झालं सांगून."

आणखी दोनदा विचारलं. मग विचारायचं सोडलं. आता कुरुंदवाडला जाताना रसवंती मागं पडली की मी मुद्दाम गप्प बसते, म्हटलं, सांगतील. थोडं पुढं गेलं की हे काच वर करतात.

"बसलीयस न्हवं?"

"बसलीय," मी म्हणते.

मग ते काच खाली घेतात.